चुन्याने भाजलेला डोळा: चांगल्या डोळ्यातून पेशी घेऊ द्यायच्या का?

बार्शीची आत्या

नमस्कार. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. सात महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांच्या तंबाखूसोबतची चुन्याची प्लास्टिकची पुडी त्याने दोन्ही हातांनी दाबली. ती फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात गेला. वहिनीने तांब्याने पाणी मारलं, पण पोर डोळाच उघडेना. आता बुबुळावर पांढरट-लालसर पडदा चढलाय. त्या डोळ्यासमोर हात हलवला तर तेवढा कळतो, बाकी काही नाही. उन्हात गेला की डोकं वहिनीच्या पदरात खुपसतो.

डॉक्टर म्हणतात, बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल, म्हणजे नवी कातडी घडवणाऱ्या पेशी, जळाल्यात, डाव्या डोळ्यातून थोड्या काढून तिथे लावू. भाऊ तयार नाही. 'एक गेला, आता दुसऱ्यालाही सुरी लावू?' म्हणतो. वडील तर त्या दिवसापासून पंगतीला बसत नाहीत, ताट खोलीत नेतात. त्यात नात्यातल्या एकाने एका दवाखान्याची जाहिरात पाठवली. कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून सुईने देतात, चांगल्या डोळ्याला हात लावत नाहीत, असं त्यात लिहिलंय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

नांदेडचा रंगारी

ताई, मी गेलोय. सविस्तर लिहितो.

2014 च्या दिवाळीआधी एका वाड्याला सफेदी द्यायची होती. कळीचा चुना पिंपात भिजवत होतो. तो पाण्यात पडला की खदखदतो, हे मला लहानपणापासून माहीत, तरी वाकून बघितलं. शिंतोडा डाव्या डोळ्यात. जोडीदाराने गमछाने पुसलं, दोन तांबे पाणी मारलं आणि आम्ही दवाखाना शोधत निघालो. तिथेच चुकलं. नळाखाली अर्धा तास धुवायला हवा होता, वरची पापणी उलटून. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात, आणि ते असेपर्यंत डोळा भाजतच राहतो. आम्ल लागलं तर वरचा थर गोठतो आणि थोडी तरी आडकाठी होते. चुना डोळ्यातली चरबी विरघळवत आत उतरतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरात सांगून ठेवा.

पुढच्या वर्षी एका दवाखान्यात माझं बुबुळ बदललं. पट्टी काढली तेव्हा बायकोच्या साडीचा रंग दिसला. आठ महिन्यांत पुन्हा सगळं धुरकट. कारण मला तिथे कुणी सांगितलं नाही, ते हैदराबादला कळलं. देवगिरी एक्सप्रेसने गेलो, बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून समजावलं. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला ते असं कळलं: काळं आणि पांढरं मिळतं ती कड म्हणजे बांध. बांधातल्या पेशी बुबुळावरची कातडी रोज नवी करतात आणि पांढऱ्या भागातली कातडी, रक्तवाहिन्या आत येऊ देत नाहीत. बांध जळाला की तण शिरतं. दान मिळालेल्या बुबुळाची कातडी काही महिने टिकते, पण मागून नवी घालणारं कुणी नसतं. कुणीतरी मरताना दिलेले डोळे माझ्यावर वाया गेले, हे मला आजही सलतं. म्हणून, ताई, कुणी 'आधी बुबुळ बदलू' म्हणालं तर विचारा, कडेच्या पेशींचं काय?

2016 मध्ये माझी शस्त्रक्रिया झाली. तिला स्लेट म्हणतात. डॉ. विरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती याच संस्थेत बसवली आणि 2012 मध्ये जगापुढे मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेतून दोन बाय दोन मिलिमीटरचा पापुद्रा घेतात. आधी खराब डोळ्यावरचा पडदा खरवडून काढतात. मग बाळंतपणानंतर दान मिळालेल्या वारेचं पातळ आवरण तिथे अंथरतात, त्या पापुद्र्याचे आठ-दहा बारीक तुकडे करून वर पेरतात, खास गोंदाने चिकटवतात आणि वरून मऊ लेन्स ठेवतात. पूर्वी या पेशी प्रयोगशाळेत दोन आठवडे वाढवाव्या लागायच्या, त्याचा खर्च आमच्यासारख्याला झेपला नसता. स्लेटमध्ये त्या डोळ्यातच वाढतात.

आता तुमच्या भावाच्या भीतीबद्दल. माझा उजवा डोळा तीन-चार दिवस खुपत होता, वाळूचा कण गेल्यासारखा. पुढे काही नाही. आजही त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. डावा पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. आतला डाग राहिला होता म्हणून दोन वर्षांनी पुन्हा बुबुळ बदललं, आणि ते टिकलं, कारण बांध जागेवर होता. एस.टी.ची पाटी त्या डोळ्याने वाचतो.

पैशाची काळजी असेल तर तिथे स्पष्ट सांगा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर ते मोफत उपचार करतात.

सांगलीची ऑप्टोमेट्रिस्ट

दादांनी बहुतेक सगळं सांगितलं. 2016 मध्ये याच संस्थेने 125 रुग्णांचे निकाल छापले, त्यात जवळपास निम्मी मुलं होती. 76 टक्के डोळ्यांत बुबुळाचा पृष्ठभाग टिकून राहिला. म्हणजे चारात एकाला यश मिळालं नाही, हेही भावाला सांगा.

हाडातल्या पेशींच्या नादी लागू नका. त्या रक्ताच्या आजारांत उपयोगी पडतात. त्या सुईने देऊन बुबुळाची कातडी परत येते, याला सिद्ध आधार नाही.

एक गोष्ट राहिली. मूल सहा वर्षांचं आहे. या वयात डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो, डोळा आळशी होतो. डोळ्याची लाली उतरेपर्यंत थांबावं लागतं, पण त्यापुढे घरच्या वादात महिने घालवू नका. शस्त्रक्रियेनंतरही चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागेल. मुलं ती ओरबाडून काढतात. ते काम घरच्यांचंच.

चिपळूणकर

माझ्या भावाचे कारखान्यात दोन्ही डोळे भाजलेत. मग पेशी आणायच्या कुठून?

सांगलीची ऑप्टोमेट्रिस्ट

जवळच्या नातेवाइकाच्या किंवा नेत्रदानातल्या डोळ्यातून घेता येतात, पण शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि रक्ततपासण्या चुकवता येत नाहीत. जपानमध्ये रुग्णाच्या गालाच्या आतल्या कातडीपासून थर वाढवूनही बसवतात. ओसाकाच्या डॉ. निशिदांच्या गटाने पेशींना मूळ अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून बुबुळाची कातडी तयार केली. चार रुग्णांवरचा तो प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्याची वाट बघत बसू नका, आधी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या, डॉक्टरांना दाखवा.

बार्शीची आत्या

रात्री जेवण झाल्यावर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बांधाचं वाचलं तेव्हा वडील खोलीतून बाहेर येऊन उंबऱ्यात बसले. भावाने दोनदा विचारलं, 'दोन मिलिमीटर म्हणजे केवढं?' वडिलांनी तांदळाचा दाणा आणून त्याचा तुकडा मोडून दाखवला. सोमवारी भाऊ आणि वहिनी पोराला घेऊन हैदराबादला निघतायत. दादा, तिथे पहिल्या दिवशी सकाळी किती वाजता पोचायला हवं, आणि जुने कागद सगळे न्यायचे का?

नांदेडचा रंगारी

सगळे न्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्याही न्या. सकाळी लवकर पोचा, पहिला दिवस तपासण्यांतच जातो. पोराला टोपी आणि काळा चष्मा घाला, स्टेशनबाहेर ऊन फार असतं.