मदत हवी आहे: टेनामेंटमधून फ्लॅटमध्ये जाताना काय न्यायचं, काय सोडायचं? (बडोदा)

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, कारेलीबागेत जुनं टेनामेंट आहे (तुमच्याकडचं रो हाऊस समजा), दसऱ्याला गोत्रीला टू बीएचकेत जायचंय, पाचवा मजला. कारण विश्वामित्री नदी, दुसरं काय. २०१९ ला पाणी पायरीला लागून परत गेलं, ऑगस्ट २०२४ ला मात्र आत शिरलं, पार गुडघ्याच्या वर. तेव्हाच ठरलं, पण हो-नाही करता करता इतके दिवस गेले. त्यात सासूबाईंचं म्हणणं की गौरी शेवटच्या ह्याच घरात बसतील, नंतर पितृपक्षात काही हलवायचं नाही, म्हणून थेट दसरा. बरं, नवरात्रात इथे संध्याकाळनंतर गरब्याच्या गर्दीतून टेम्पो काढणं विसराच, म्हणजे जी काय ने-आण ती सकाळीच.

आता मुद्दा. पाणी अंगणात आलं त्या रात्री हातात जेमतेम अर्धा तास होता. गच्चीच्या जिन्यात काय नेलं तर गॅस सिलेंडर, मुलीचं दप्तर, कागदपत्रांची पिशवी, गौरीच्या मुखवट्यांचा पत्र्याचा डबा, आणि का कोण जाणे पण मी मिक्सर नेला. ह्यांनी आता तीच यादी पुढे केलीये, की त्या रात्री जे उचलावंसं वाटलं नाही ते आता टेम्पोत कशाला? सासूबाई म्हणाल्या, अरे, कपाट उचलायला तेव्हा चार माणसं होती का घरात? (पॉइंट आहे.)

तर ते कपाट. आजेसासऱ्यांचं, सागवानी, साडेसहा फूट उंच आणि चार फूट रुंद. पाणी ओसरल्यावर प्लायवुडचं शोकेस आणि पलंग फुगून पापुद्रे सुटले, भंगारवाल्यानेही हात लावला नाही, पण ह्या कपाटाला खाली फक्त पाण्याची एक रेघ. सासूबाई रोज त्या रेघेवर ओलं फडकं मारतात, ती काही जात नाही. नवीन बिल्डिंगची लिफ्ट मी टेपने मोजून आले, आत साडेतीन फूट. म्हणजे जिन्याने पाच मजले, आणि टेम्पोवाला मजल्यामागे वेगळे पैसे मागतोय.

बाकी माळियावर तांब्याचा बंब आहे जो मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही पेटलेला बघितला नाही, एक घंगाळ, पाटा-वरवंटा, चिनी मातीच्या सात बरण्या (लोणचं आता एकाच बरणीपुरतं होतं). आणि सासऱ्यांची मराठी पुस्तकं दोन खोकी, त्यातली खालच्या फळीवरची भिजलेली, पानं चिकटलेली, वास येतो, पण समासात त्यांच्या हातच्या पेन्सिलच्या नोंदी आहेत. ती रद्दीत टाकायला माझाच हात होत नाही.

कोणी असं शिफ्टिंग केलंय का? कपाटाचं काय करू आणि सासूबाईंना न दुखवता बंबाचं काय करू, एवढं सांगा.

प्रतिसाद १
ताई, कपाट विकू नका. तेवढी जुनी कपाटं बऱ्याचदा खिळ्यांवर नसतात, लाकडी खुंट्यांवर बसवलेली असतात, वयस्क सुतार बोलवा, तो सुटं करून देईल. पॅकर्सच्या पोरांना करू देऊ नका. प्रत्येक फळीवर खडूने नंबर टाका आणि सुटं करायच्या आधी फोटो काढा. आम्ही दांडिया बाजारातून असंच नेलं.

प्रतिसाद २
बुरशी लागलेली पुस्तकं चांगल्यांच्या खोक्यात अजिबात घालू नका, सगळी जातील. आधी पंख्याखाली सावलीत सुकवा, नोंदी असलेल्या पानांचे मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा. चांगली मराठी पुस्तकं द्यायची असतील तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आधी विचारून बघा. बंब द्यायचाच ठरला तर घरी वजन करा, एखाद्या कंसाऱ्याला (तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्याला) भाव विचारा, मगच भंगारवाल्याशी बोला.

धागाकर्ती
आभार दोघांचे! सुतारकाका आज येऊन बघून गेले, सुटतंय म्हणाले. कपाट चाललंय म्हटल्यावर सासूबाईंनी बंब खाली उतरवून घेतलाय आणि चिंच भिजत घातलीये.