हापूसच्या कोय कलमांसाठी कुशल कारागीर कसे मिळवावेत?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या रोपवाटिकेत जुलै-ऑगस्टमध्ये हापूसची कोय कलमे (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी, म्हणजे फांदीचा तुकडा, बसवून केलेली कलमे) बांधली जातात. पिशव्या भरणारे मजूर मिळतात. परंतु कलम बांधणारा सराईत हात सापडत नाही आणि सापडला तरी तो नेमका भातलावणीत अडकलेला असतो. आपण काय करता?

उत्तर १: कोय रुजल्यानंतर साधारण १० ते १५ दिवसांचे, तांबूस पानांचे कोवळे रोपच या कलमाला योग्य असल्याने कारागिराची वाट पाहणे परवडत नाही. आम्ही कोया आठवड्याच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत रुजत घालतो, म्हणजे दोनच कारागिरांना काम आवरते. कोया फार दिवस साठवू मात्र नका. त्यांची उगवणशक्ती लवकर जाते.

उत्तर २: बाहेरचा कारागीर शोधण्यापेक्षा पिशव्या भरणाऱ्या महिलांनाच शिकवावे, असे माझे मत आहे. आधी छाटलेल्या फांद्यांवर पाचरीचा काप एकाच ओढीत घेण्याचा सराव द्यावा, कारण काप खडबडीत झाला की पट्टी कितीही घट्ट बांधली तरी सांधा जुळत नाही. मजुरी बांधलेल्या नगांवर न देता जगलेल्या कलमांवर द्यावी.

उत्तर ३: शिकवण्याबाबत सहमत आहे, मजुरीबाबत नाही. सततच्या पावसात बुरशीने कलम मेले, किंवा मालकाने जून झालेली काडी निवडली, तर त्याचा भुर्दंड बांधणाऱ्याने का सोसावा? दिवसाची मजुरी ठरलेली असावी आणि जगलेल्या कलमांमागे वर काही द्यावे.