पुण्यात युरोपियन गाड्यांचं गॅरेज टाकायचंय, फक्त फोक्सवॅगन-स्कोडा घेऊ का सगळंच?

भोसरीचा पाना
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे, फोक्सवॅगन-स्कोडावर हात चांगला बसलाय, डीएसजी म्हणजे दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पण उघडलेत. आता भोसरीत एक शेड भाड्याने मिळतेय, तीन गाड्या आरामात उभ्या राहतील एवढी. रोज बघतो की वॉरंटी संपली की लोक शोरूमचं एस्टिमेट बघून घाबरतात मग नाक्यावरच्या गॅरेजला नेतात आणि तिथे स्कॅनर पण नसतो, वायरी कापून ठेवतात, गाडीची पार वाट लागते. मधलं काहीतरी नीट असायला हवं असं मनापासून वाटतं. तर बीएमडब्ल्यू, मर्सिडीज पण घ्याव्यात का? पार्ट कुठून आणायचे? आणि ओळखीचे एक काका त्यांची जुनी मर्सिडीज, डब्ल्यू१२३ मॉडेल, रिस्टोअर करायला देतो म्हणतायत, घाई नाही म्हणतात. घेऊ का?

ठाण्याचं गॅरेज
आधी अभिनंदन भाऊ. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीला एकच घर धरा. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी एकाच ग्रुपच्या, यांची इंजिनं, गिअरबॉक्स बरेचसे तेच, व्हीसीडीएस हे तपासणीचं सॉफ्टवेअर तिन्हींना चालतं, टायमिंग जुळवताना इंजिन धरून ठेवणारी लॉकिंग टूल्स तीच. बीएमडब्ल्यू घेतली की त्यांचं वेगळं सॉफ्टवेअर इस्टा आलं, मर्सिडीजला त्यांचं झेंट्री आलं, आणि हात बसायला परत वेळ जाणार तो वेगळाच. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते, म्हणजे चेन वाजतेय म्हणून गाडी आली तर गिअरबॉक्स उतरवा नाहीतर इंजिनच बाहेर काढा, तोपर्यंत तुमची एक लिफ्ट अडकली. तीन गाड्यांच्या शेडला हे झेपत नाही.

दुसरं म्हणजे तपासणीचे पैसे घ्या, आणि पहिल्या गाडीपासून घ्या. लोकांना वाटतं स्कॅनर लावला की मशीनच सांगतं काय बिघडलंय, मग त्याचे कसले पैसे. तुम्हाला माहितीच असेल, डीक्यू२०० या डीएसजी गिअरबॉक्समध्ये पी१७बीएफ हा बिघाडाचा कोड आला की बरेच जण डोळे झाकून आख्खं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, बदला म्हणतात, पण पुष्कळदा तेलाचा दाब साठवणारा प्रेशर ॲक्युम्युलेटर बसतो तिथे हाउसिंगला चीर गेलेली असते आणि तेवढंच काम करून गाडी परत रस्त्यावर येते. हे शोधायला तुमचा अर्धा दिवस गेला आणि ग्राहकाचे भरपूर पैसे वाचले, त्या अर्ध्या दिवसाचं बिल नाही लावलं तर तुम्हालाही शेवटी पार्ट विकूनच भाडं भरावं लागणार, मग तुमच्यात आणि पार्टबदलूंमध्ये फरक काय राहिला.

पार्टसाठी नाना पेठेत फिल्टर, पॅड वगैरे मिळून जाईल, बाकी मुंबई नाहीतर दिल्लीचं काश्मिरी गेट. नेहमी पार्ट नंबरवरून मागवा. बीएमडब्ल्यूच्या डब्यातला कंट्रोल आर्म आणि तोच पार्ट बनवणाऱ्या लेमफोर्डर कंपनीच्या डब्यातला बऱ्याचदा एकच असतो, फक्त एकावरचा लोगो घासून काढलेला. मान, माले, लुक, साक्स, एल्रिंग ही नावं चांगली पण नकली खोकी पण याच नावांची निघतात म्हणून दुकानदार एकच पकडा. तेलात तडजोड नको, जुन्या स्कोडा लॉराच्या १.९ पीडी डिझेल इंजिनला फोक्सवॅगनच्या ५०५.०१ दर्जाचं सोडून भलतंच तेल घातलं की कॅमशाफ्ट झिजतो. आणि दुसऱ्या गाडीचं जुनं मॉड्यूल बसवून द्या म्हणणाऱ्या ऑडीवाल्याला आधीच सांगा की कॉम्पोनंट प्रोटेक्शन, म्हणजे मॉड्यूल मूळ गाडीशी बांधून ठेवणारं लॉक, काढायला कंपनीच्या सर्व्हरवर जावं लागतं.

सुपर्बवाली, नाशिक
मी ग्राहकाच्या बाजूने सांगते. आम्हाला स्वस्त नको असतं, आम्हाला कळायला हवं असतं. काम सुरू करायच्या आधी लेखी एस्टिमेट, मध्ये खर्च वाढला तर फोन, काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवलेला आणि व्हॉट्सॲपवर दोन फोटो, एवढं जो करतो त्याच्याकडे मी पुण्यापर्यंत गाडी घेऊन येईन आणि चार मैत्रिणींना पण पाठवीन. वॉरंटीतल्या गाड्यांबद्दल पण घाबरू नका. २०१४ ला कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून साधारण २५४५ कोटींचा दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजना पार्ट आणि टूल्स मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही त्यात होतं. पुढे अपिलं झाली, पण हा मुद्दा तुम्हाला माहीत असायला हवा.

जुनं लोखंड, मुंबई
डब्ल्यू१२३ बद्दल बोलतो, माझा जीव याच कामात आहे. काकांची गाडी घ्या पण त्या शेडमध्ये नको. रिस्टोरेशनची गाडी एकदा उघडली की महिनोन् महिने हलत नाही, क्रोम एकीकडे, सीट शिवायला दुसरीकडे, काच येणार जर्मनीहून, तोवर तुमची रोजची कमाई देणारी जागा अडलेली. वेगळी भाड्याची जागा बघा आणि पैसे टप्प्याटप्प्याने घ्या, पत्रा झाला की एक हप्ता, रंग झाला की एक. घाई नाही म्हणणारे काका वर्षाने रोज फोन करतात.

हो म्हणायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या. जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, पुढचे फेंडर, गंज इथेच असतो, आणि गाडी मुंबई-कोकणात राहिलेली असेल तर वरून चकचकीत आणि आत पुट्टीच पुट्टी. इंजिन त्यामानाने सोपं, डिझेल असेल तर फारच दणकट आणि मर्सिडीज स्वतः जुन्या मॉडेलचे पार्ट अजून देते.

आरसी बुक आणि इंजिन नंबर जुळवून बघा हे मात्र विसरू नका. २०२१ च्या नियमाने पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं, पण चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. डब्ल्यू१२३ आली १९७६ ला, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे त्या वयाला येतायत. आपल्याकडे पेट्रोलचं इंजिन काढून मिळेल ते डिझेल बसवायची पद्धतच होती, तसलं काही निघालं तर काकांना त्याच दिवशी सांगा.

खरं तर हात बसवायला आधी कुर्ल्याची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी घ्या, ती पण मूळ इटालियनच. प्रीमियर पद्मिनीचे पार्ट मुंबईत अजून मिळतात, १०८९ सीसीचं साधं इंजिन, आणि पत्र्याचं काम शिकायला उत्तम गाडी. त्याआधीची गोलमटोल डुक्कर फियाट मिळाली तर मला आधी कळवा 🙂

भोसरीचा पाना
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना उद्याच आरसी घेऊन बोलावतो. ठाणेकर दादा, लिफ्ट आणि स्कॅनर सोडून शेडमध्ये पहिल्या दिवसापासून काय लागेलच?

ठाण्याचं गॅरेज
चांगला टॉर्क रेंच, कारण या गाड्यांत बरेच बोल्ट एकदाच वापरायचे आणि डिग्रीत, म्हणजे ठराविक कोनात फिरवून, आवळायचे असतात. बॅटरीला सतत व्होल्टेज देणारं सपोर्ट युनिट, कारण मॉड्यूलचं कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं की मॉड्यूल गेलंच समजा. आणि जळलेल्या तेलासाठी झाकणाचे ड्रम, ते घातक कचऱ्यात मोडतं, गटारात नाही की भंगारवाल्याला नाही, परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती फाईलला लावायची. प्रदूषण मंडळाच्या कागदांची चौकशी शेडचा ॲग्रीमेंट करायच्या आधी करा, जागा मालकाला पण विचारा. ॲग्रीमेंट कमीत कमी पाच वर्षांचं करा.