अनुभव हवेत: तंबू आणि बिऱ्हाड गाडीत टाकून केलेल्या सहली

रानजाई

गेल्या दिवाळीत नवऱ्याने चार माणसांचा तंबू आणला. तेव्हापासून तो माळ्यावर आहे आणि मुलं (वय ६ आणि ११) दर रविवारी त्याची चौकशी करतात. डिसेंबरात एकदाचे पाच दिवस काढलेत. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दाभोळहून पुन्हा फेरीबोट, गुहागर, वेळणेश्वर. येताना चिपळूण, कुंभार्ली, कऱ्हाड. सोबत सासूबाई. वय ७१, गुडघे दुखरे, उत्साह आमच्या चौघांपेक्षा जास्त.

हॉटेलांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुम्ही तंबू कुठे ठोकलात, कोणाला विचारलंत, वाटेत कुठे रेंगाळलात आणि काय फसलं, ते लिहा. फसलेलं आधी.

घाटमाथा

फसलेलं आधी म्हणता, तर माझा नंबर पहिला.

जूनचा पहिला आठवडा, भंडारदऱ्याचे काजवे. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर. बेत असा की दुपारी रंधा धबधबा, चारला विल्सन धरण, सहाला तंबू, आठला काजवे. कागदावर सुरेख. शनिवार आहे, हे मात्र आम्ही लक्षातच घेतलं नव्हतं. शेंडी गावाच्या पुढे गाड्यांची रांग लागली ती हलेना. ज्या शेतकऱ्याला फोन करून ठेवला होता त्याच्या खळ्यावर पोचायला रात्रीचे अकरा वाजले. मोबाइलच्या उजेडात तंबू ठोकला. सपाट वाटलेली जागा चांगलीच उताराची होती. पहाटे दोन्ही मुलं आणि एक उशी तंबूच्या खालच्या कोपऱ्यात गोळा झालेली, वर बायको आणि मी, आणि आम्हा सगळ्यांवर मुंग्या.

काजवे दिसले, आणि ज्यांनी हिरड्याचं किंवा सादड्याचं अख्खं झाड लयीत उजळताना पाहिलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण प्रत्येक गाडीचे दिवे त्या झाडांवर, प्रत्येक हातात विजेरी. ते चमकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. आपण दिवे लावले की ती हाक पोचत नाही. काजवे खाली गवतातही असतात, तिथेच लोक चटया टाकून बसले होते. आम्हीही बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी जानेवारीत गेलो, मंगळवारी. दुपारी चारला रतनवाडीत पोचलो, उजेडी तंबू उभा, मग अमृतेश्वराचं देऊळ निवांत. दुसऱ्या दिवशी जलाशयाला गाडीने वळसा: साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत, मग घाटघरच्या कोकणकड्यावर तासभर नुसतं बसणं, आणि पांजरे-मुरशेतवरून शेंडी. दिवसभरात गाडी जेमतेम चाळीसेक किलोमीटर चालली असेल. मुलांना आठवते ती ही सहल.

खारीबिस्कीट

घाटमाथा, +१. आमच्या घरात आता कायदाच आहे: चार वाजता जिथे असू तिथे मुक्काम. पुढचं कितीही छान असो.

दर्यावर्दी

रानजाईताई, तुमचा रस्ता माझ्या मुलखातून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणात तंबू ठोकायला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे कोणाची तरी वाडी. सरळ घरात जायचं, चप्पल बाहेर काढायची आणि विचारायचं. केळशीजवळ आम्ही असंच विचारलं तर आजोबा म्हणाले, "ठोका की, पण माडाखाली नको हो. नारळ पडला तर आम्हांला धावाधाव." आम्ही नेमके दोन माडांच्या मधे, सावली बघून, सामान उतरवलं होतं. नारळ सोडा, वाळकी झावळी जरी पडली तरी तंबू गेला. मोकळ्या अंगणात ठोका, विहिरीपासून लांब. पैसे घेत नाहीत पुष्कळदा. मग त्यांच्याकडेच जेवण सांगा आणि निघताना कोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ विकत घ्या.

सुरूच्या बनात ठोकणार असाल तर तंबूबरोबर आलेल्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. वारा सुटला की पहिल्या झटक्याला बाहेर. जाड कापडी पिशव्यांत वाळू भरायची, दोरी त्यांना बांधायची आणि पिशव्या हातभर खोल पुरायच्या. मग तंबू हलत नाही.

आता माझं फसलेलं. कोकणातला जन्म, तरी फसलो. सकाळी साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो, समुद्र पार लांब, वाळू टणक. पोरांनी हट्ट केला म्हणून गाडी खाली वाळूत घातली. जेवलो, जरा आडवा झालो. तीन वाजता बायकोने उठवलं तेव्हा मागच्या चाकाखाली पाणी. गाडी सुरू केली तर चाक जागच्या जागी फिरून आणखी रुतलं. गावातून ट्रॅक्टर आणला, दहा माणसं आली. गाडी निघाली, इज्जत मात्र तिथेच राहिली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आज षष्ठी ना? साडेचारची भरती."

हा हिशोब आमच्याकडे लहानपणी शिकवायचे आणि मी विसरलो होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सव्वासहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. थोडं मागेपुढे होतं, पण गाडी वाचवायला पुरतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर येतं. तंबू त्या हिशोबाने लावा.

निवडुंग

एक प्रामाणिक प्रश्न. एवढा खटाटोप करून जमिनीवर झोपायचं कशासाठी? त्याच वाडीत खोली मिळते, पंखा असतो, संडास असतो.

कोकमकढी

निवडुंग, प्रश्न रास्त आहे आणि संडासाचा मुद्दा तर शंभर टक्के. आमच्याबरोबर वडील होते, वय ७६. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, त्यांच्यासाठी वाडीतली एक खोली घेतली आणि तंबू तिच्या दारासमोर. दुसरं, घडीची कमोडखुर्ची गाडीत टाकली. वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. ती डिकीत बघून भाऊ हसला, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्यावर सगळ्यांत आधी त्यानेच मागितली.

वडील मात्र रात्री अकराला खोलीतून उठून तंबूत आले. म्हणाले, तिथे एकट्याला काय करू. म्हणून जाड गादी एक जास्तीची ठेवा. आणि तंबूत शिरताना गुडघ्यावर वाकावं लागतं, ते दुखऱ्या गुडघ्यांना जमत नाही. दारात प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं, आधी स्टुलावर बसायचं, मग पाय आत. सासूबाईंना घरीच हॉलमध्ये एकदा करून बघू द्या.

संत्राबर्फी

आमच्याकडे विदर्भात समुद्र नाही, पण मेळघाट आहे. अमरावती, परतवाडा आणि वर चिखलदरा. व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मेळघाट तर देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी. आम्ही परतवाड्याजवळ मामांच्या संत्र्याच्या बागेत तंबू टाकला आणि दिवसा वर फिरलो: गाविलगड, भीमकुंड, पंचबोल. पंचबोलला पोरांनी एकमेकांना नावं ठेवत ओरडून घेतलं, दरीने ते परत ऐकवलं, मग खरं भांडण.

रात्री तंबूबाहेर खुसफूस. मामांनी आधीच सांगितलं होतं की रानडुकरं येतात, खायचं काही तंबूत ठेवू नका. धाकट्याने शंकरपाळ्यांची पिशवी उशाखाली ठेवली होती. डुकराचं नाक कापडाला लागलं तेव्हा तो जो ओरडला, ते पंचबोलपर्यंत गेलं असेल.

सातासमुद्र

डुकरावरून आठवलं. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, आमच्या कॅम्पिंगमध्ये डुकराच्या जागी अस्वल असतं.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीतल्या तंबूच्या जागांचं आरक्षण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातला उघडतं आणि उन्हाळ्याच्या तारखा काही मिनिटांत संपतात. आम्ही तीन लॅपटॉप लावून बसलो होतो, एक जागा मिळाली. एका जागेत सहाच माणसं चालतात. आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा, मोजून सहा.

प्रत्येक जागेला एक लोखंडी कपाट असतं. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात बंद करायची, गाडीतसुद्धा काही ठेवायचं नाही, कारण अस्वलं गाडीचं दार उचकटतात. नुसतं अन्न नाही, टूथपेस्ट, साबण, क्रीम, सगळं. आईची हिंगाची डबी, उदबत्त्या, आणि बाबांचं सांधेदुखीचं तेलही गेलं कपाटात. अर्ध्या जंगलाला आमचा पत्ता कळला असणार.

खरी गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी संकष्टी, आईचा कडक उपास. फोनमधल्या पंचांगात चंद्रोदय रात्री साडेदहाच्या आसपास. पण ती वेळ सपाट क्षितिजाची! दरीच्या दोन्ही बाजूंना हजार हजार मीटर उंच ग्रॅनाइटच्या भिंती. साडेदहा झाले, अकरा झाले, बारा झाले, आकाश उजळलेलं, पण चंद्र भिंतीपलीकडे. ताट वाढून झाकून ठेवता येत नाही, नजरेआड अन्न ठेवायचं नाही असा नियम. दहानंतर आवाज करायचा नाही. शेवटी साडेबाराच्या पुढे चंद्राची कड दिसली, आणि आम्ही सहा जणांनी कुजबुजत आरती म्हटली. टाळ्या नाहीत, नुसते हात हलवले. शेजारच्या तंबूतल्या बाई डोकं बाहेर काढून बघत होत्या. त्यांना सकाळी मोदक दिले.

परतीला टायोगा खिंडीतून गेलो. हा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, साधारण मे-अखेर ते जूनमध्ये उघडतो. थांबे: ओल्मस्टेड पॉइंट (हाफ डोम या घुमटासारख्या कड्याची पाठमोरी बाजू), तेनाया तळं, आणि खिंड उतरल्यावर मोनो तळ्यातले चुन्याचे सुळके. एक मुक्काम ट्वालमी मेडोजला, उंची २,६०० मीटरच्या आसपास. तिथे पाणी ९१ अंशांच्या जवळपासच उकळतं, तूरडाळ तास झाला तरी दाताखाली येत होती. छोटा कुकर न्या. मूगडाळ न्या, ती लवकर शिजते.

सांजवेळ

मला थोडक्यात आणि गंभीर लिहायचं आहे. तापोळ्याजवळ, जानेवारी, कडाक्याची थंडी. रात्री कोळशाची शेगडी "जरा वेळ" तंबूत घेतली आणि चेन लावली. तासाभरात मुलीला उलटी झाली, माझं डोकं फुटायला आलं. नवऱ्याला आधी वाटलं घाटाचा त्रास असेल. नशिबाने उलटी साफ करायला म्हणून चेन उघडली. अर्धवट जळत्या कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. शेगडी, स्टोव्ह, कंदील, काहीही आत नको. थंडी वाजली तर गरम पाण्याची पिशवी, मोजे, कानटोपी, आणि अंगाखाली जास्तीची सतरंजी. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते.

खारीबिस्कीट

सांजवेळ, वाचून हात गार पडले. हे आमच्या पाठीवरच्या पिशवीत चिकटवून ठेवते.

अजून एक: एका धरणाच्या काठी तयार तंबू भाड्याने घेतले होते. फोटोत नीरव तळं. प्रत्यक्षात पाच आयोजकांचे पाच ध्वनिवर्धक, पहाटे अडीचपर्यंत. आता मी आरक्षणाआधी एकच प्रश्न विचारते, "रात्री गाणी लावता का?" समोरचा उत्साहाने "हो हो, पूर्ण रात्र!" म्हणाला की फोन ठेवते.

आणि निवडुंग, तुमचं उत्तर राहिलंच. मुलगा घरी रात्री पाणी प्यायलासुद्धा एकटा उठत नाही. वाडीत पहाटे उठून तंबूची चेन आपली आपण उघडून बाहेर बसला होता, आजींच्या कोंबड्या बघत.

निवडुंग

बरं. तंबू कितीला पडतो?

रानजाई

किती लिहिलंत सगळ्यांनी! घरात चर्चा होऊन बदल झालेत. आंजर्ले आणि गुहागर गाळले. म्हणजे गाडी तिथून जाईल, मुक्काम नाही. दोन रात्री केळशी, दोन वेळणेश्वर. दोन्हीकडे सासूबाईंसाठी खोली आणि दारात तंबू. शेगडी फक्त अंगणात. काल हॉलमध्ये तंबू लावला, स्टुलाचा प्रयोग झाला. सासूबाई आत गेल्या त्या जेवायलाच बाहेर आल्या.

दर्यावर्दी दादा, वेळणेश्वरला पोचू त्या दिवशी दशमी आहे. मुलांना वाळूत कधी नेऊ?

दर्यावर्दी

दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, म्हणजे दुपारी पावणेदोनच्या सुमारास पाणी सगळ्यांत लांब. उन्हाचं तेव्हा नको. चारला न्या, पाणी हळूहळू वर येत असेल, मुलांना किल्ला बांधून तो बुडताना बघता येईल. साडेपाचला मुलांना पाण्यातून बाहेर काढा. आणि गाडी वर, देवळापाशीच ठेवा हो.