मदत हवी आहे: 13:0:45 विरघळवताना बादली इतकी गार का पडते, आणि तळाला खडे का उरतात?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमची हापूसची बाग आहे. कैरी वाटाण्याएवढी झाली की पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे 13:0:45 ची, एक टक्का फवारणी करतो. 200 लिटरच्या पिंपाला दोन किलो. आधी दहा लिटर पाण्याच्या बादलीत ढवळायचं, मग पिंपात ओतायचं. ढवळता ढवळता बादली इतकी गार पडते की बाहेरून पाण्याचे थेंब धरतात. कितीही ढवळा, थोडे खडे तळाला राहतातच आणि मग नोझल तुंबतं. गडी म्हणतात माल भेसळीचा आहे. तसं असेल तर ऐन मोसमात पैसेही गेले आणि फळही.

दुसरं म्हणजे, शिरोड्याचं मीठ पाण्यात घातलं तर हाताला काहीच जाणवत नाही. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक) चुनकळी टाकली तर पाणी उकळायला लागतं. मग हेच एवढं गार का? आणि उष्णता खाणारा पदार्थ मुळात विरघळतो तरी का? मुलगी बारावीला आहे, तिलाही हे नीट समजावून सांगायचं आहे.

प्रतिसाद:

गार पडणं हा या क्षाराचा स्वभावच आहे, त्यावरून भेसळ ठरत नाही. स्फटिकातले आयन (विद्युतभार असलेले कण) एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा खर्च होते, आणि पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती जमले की ऊर्जा जमा होते. मिठाचा खर्च मोलमागे (मोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक) सुमारे 788 किलोज्यूल, जमा साधारण 784. तूट जेमतेम 4, म्हणून हाताला कळत नाही. पोटॅशियम नायट्रेटची तूट सुमारे 35 आहे आणि ती पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते. दोन किलो म्हणजे जवळपास 20 मोल. दहा लिटर पाणी त्याने 12 ते 15 अंशांनी उतरतं.

खड्यांचं कारणही इथेच आहे. हा क्षार 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 32 ग्रॅम विरघळतो, 10 अंशांना 21 आणि शून्याला फक्त 13. तुम्ही 100 ला 20 घालता. सकाळचं पाणी आधीच थंड, त्यात ते आणखी उतरलं की शेवटचा भाग विरघळायला जागाच उरत नाही.

चुनकळीची गोष्ट वेगळी. ते विरघळणं नाही, पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन चुना फुटतो. मुलीला हा फरक आवर्जून सांगा, परीक्षेत इथेच गोंधळ होतो. विरघळताना खरोखर तापणारा पदार्थ हवा तर कॉस्टिक सोडा, मोलमागे सुमारे 44 किलोज्यूल बाहेर टाकतो. (हात लावू देऊ नका.)

आणि तूट असूनही विरघळतं ते एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे कण किती तऱ्हांनी विखुरू शकतात याच्या मापामुळे. स्फटिकात जागेवर बांधलेले आयन पाण्यात असंख्य तऱ्हांनी पसरू शकतात, आणि ही वाढ उष्णतेच्या तुटीवर मात करते.

उपाय सोपा आहे: बादलीत कोमट पाणी घ्या, किंवा पावडर थोडी थोडी करत थेट पिंपातच ढवळा. 200 लिटरमध्ये तापमान एक अंशही उतरणार नाही. कोमट पाण्यातही गाळ राहिला, तर मात्र दुकानदाराला जाब विचारा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. कोमट द्रावण पिंपातल्या गार पाण्यात ओतल्यावर पुन्हा खडे धरतील का?

प्रतिसाद:

नाही. पिंपात 100 ला फक्त एक ग्रॅम पडतो. शून्य अंशालाही 13 मावतात.