गोळ्या, फॉलिकल स्टडी, आययूआय: खान्देशातल्या बायांनो, तुमचं कसं झालं?

दादरची_भाकर
परवा जळगाव स्टँडवरून शेअर रिक्षात बसले. शेजारी एक पोरगी, पंचवीस-सव्वीसची. मांडीवर सोनोग्राफीचं मोठं पाकीट आणि उजवा हात पदराच्या आत, पोटाशी घट्ट. रिक्षा खड्ड्यात आदळली तरी हात बाहेर नाही. नवरा ड्रायव्हरजवळ, सारखा मागे वळून बघतोय आणि मग घड्याळाकडे. मला लगेच कळलं पदराखाली काय आहे ते. नवऱ्याच्या वीर्याचं सॅम्पल असलेली प्लॅस्टिकची छोटी डबी.

बारा वर्षांपूर्वी मीही अशीच नेली होती. नर्सबाईंनी बजावलं होतं, गार होऊ देऊ नका, तासाच्या आत पोचवा. डिसेंबर होता. आम्ही नणंदेकडे उतरलेलो. ती स्वयंपाकघरात पोहे परतत होती आणि हे बाथरूममध्ये. तिचं चाललेलं, "दादाला अजून किती वेळ, पोहे गार होतायत." मला हसू पण येत होतं आणि रडू पण.

त्या पोरीशी बोलावंसं वाटलं, नाही बोलले. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या वेळी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस क्लोमिफिनच्या गोळ्या. मग दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड आतली सोनोग्राफी, अंडं किती मोठं झालं ते बघायला, तीच फॉलिकल स्टडी. 11, 13, 16... अठरा-वीस मिलिमीटरला आलं की अंडं फुटायचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण दीड दिवसाने आययूआय, म्हणजे नवऱ्याचं बीज बारीक नळीने गर्भाशयात सोडतात ते. पहिल्या महिन्यात अंडं वाढलंच नाही. दुसऱ्या महिन्यात वाढलं, पण इंजेक्शन रात्री अकराला घ्यायचं होतं आणि त्या रात्री नेमकी कानबाई! गल्लीत जागरण, गावातला कंपाउंडर गाण्यात रंगलेला, आणि लोडशेडिंगमुळे फ्रीज बंद. दुपारीच गोळेवाल्याकडून बर्फ आणून इंजेक्शन थर्मासात ठेवलं होतं, पिशवीत गुंडाळून, थेट बर्फाला लागू न देता. शेवटी कंपाउंडरला कानबाईसमोरून उठवून आणलं. कपाळाला हळदीकुंकू तसंच. तो महिना वायाच गेला. तिसऱ्याला डिसेंबरात राहिलं. लेक आता सहावीत आहे.

सासूबाईंना सांगितलेलं, दाढेच्या डॉक्टरकडे जातेय. चौथ्या महिन्यात त्या म्हणाल्या, एवढ्यात तर बत्तीसही काढून झाल्या असत्या.

तुमचं लिहा.

केळीची_वेफर
बत्तीस दाढा!! मेले हसून. आमच्याकडे थायरॉईड सांगितलं होतं.

शिरपूरची_सून
मी 2019. पीसीओडी, म्हणजे अंडं वेळेवर तयारच होत नाही. मला क्लोमिफिन नाही, लेट्रोझोल दिली. मेडिकलवाल्याने गोळी हातात देताना विचारलं, घरात कोणाला कॅन्सर आहे का? धुळ्याहून येताना बसमध्ये पाकिटातला कागद वाचला, स्तनाच्या कर्करोगासाठी असं लिहिलेलं. सोनगीर येईपर्यंत मी मरून झाले होते. घरी येऊन दोन दिवस गोळी घेतलीच नाही. मग फोन केला तर डॉक्टर बाई आधी ओरडल्या आणि मग नीट समजावलं. औषध मूळचं कॅन्सरचंच, पण पाच दिवस घेतलं की अंडं तयार व्हायला मदत होते, आणि पीसीओडीत क्लोमिफिनपेक्षा चांगलं काम करतं. भारतात 2011 ला वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, 2017 ला उठली. म्हणून जुन्या मेडिकलवाल्यांना अजून दचकायला होतं. पण तो महिना माझा गेला तो गेलाच.

डुबुकवडे
गोळ्यांनी अंगातून वाफा निघतात, हॉट फ्लॅश म्हणतात ते. मी मे महिन्यात घेतल्या. भुसावळ, 46 डिग्री. वाफ गोळीची का गावाची, कळायला मार्ग नाही

दादरची_भाकर
@डुबुकवडे हाहा. मला चिडचिड फार व्हायची. डोळ्यांपुढे अंधुक यायला लागलं तर मात्र लगेच सांगायचं असतं, मला तसं सांगून ठेवलं होतं.

अमळनेर_लोकल
एचएसजीचं, म्हणजे ट्यूबच्या एक्सरेचं, कोणीच नाही लिहिलं? ट्यूब उघड्या आहेत का ते आधी बघावं लागतं ना, बंद असतील तर आययूआयचा उपयोगच काय. मला त्याचीच जास्त भीती होती. पाळी संपल्यावर लगेच करतात. कळ आली, पाळीतल्या पहिल्या दिवसासारखी, पाचेक मिनिटं. बाहेर नवरा उसाचा रस घेऊन उभा. त्याला वाटलं अशक्तपणा येईल 😊

नुसतीच_वाचक
मला दुसऱ्या महिन्यात पाच अंडी तयार झाली. मी खूश, पाच म्हणजे पाचपट चान्स. डॉक्टरांनी सरळ रद्द केलं! फुटायचं इंजेक्शन पण दिलं नाही आणि वर महिनाभर जपा, निरोध वापरा म्हणे. मी तिथेच भांडले. बारा हजारांची इंजेक्शनं टोचून घेतलेली, रोज पहूर ते जळगाव. नंतर एका नर्सने बाजूला घेऊन सांगितलं, बाई, तिळं-चारळं राहिलं तर पोटात टिकणं अवघड आणि आईच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय बीजकोष फुगून पोटात पाणी भरतं ते वेगळंच. पोट टम्म, एकदम वजन वाढणं, लघवी कमी, दम लागणं असलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. तेव्हा राग गेला नाही माझा, खरं सांगते. आता गेला.

शिरपूरची_सून
@नुसतीच_वाचक माझ्या जावेला जुळं आहे, नुसत्या गोळ्यांचं. दोन्ही पोरं म्हणजे वादळ.

पाचोऱ्याचा_मी
बायांनो म्हटलंय, पण एक बाप्या बोलू का.
मला सांगितलं होतं सॅम्पलच्या आधी दोन ते पाच दिवस लांब राहा. मी हिशेब केला, जितके जास्त दिवस तितका साठा जास्त. बारा दिवस राहिलो. रिपोर्ट आला, हालचाल कमी. डॉक्टर म्हणाले, अहो कापसाचा साठा आहे का तो, भाव आल्यावर काढायला?
आणि ती खोली! संडासच तो. बादली, फिनेलचा वास, कडी नीट लागत नाही, बाहेर कोणीतरी मोबाईलवर मोठ्याने भजन लावलेलं. पहिल्यांदा झालंच नाही. बाहेर येऊन बायकोला काय सांगू. तिला आत तयार करून ठेवलेली. तिने काहीच विचारलं नाही, नुसतं पाणी दिलं. पुढच्या वेळी आधीच विचारलं तर म्हणाले घरून आणता येतं, नाहीतर आधी एकदा देऊन गोठवूनही ठेवता येतं. हे पहिल्यांदाच का नाही सांगत?
गुटखा सोडला. नवीन बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून लगेच रिपोर्टमध्ये फरक दिसत नाही. तिसऱ्या महिन्यात दिसला.

केळीची_वेफर
@पाचोऱ्याचा_मी दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमचे हे तर तपासणीलाच तयार नव्हते. "माझ्यात काय खोट असणार." दीड वर्ष सगळी तपासणी माझीच. शेवटी सासऱ्यांनीच दम भरला त्यांना, शेतात नेऊन. काय बोलले ते आजपर्यंत नाही कळलं.

तापीकाठ
मना अनुभव. आययूआयमां काहीच दुखस नही, बारीक नळी टाकतस, दोन मिनिटमां काम. दहा-पंधरा मिनिट झोपाडतस. मी उठनी तं काहीतरी वघळनं. मी रडाले लागनी, समदं पडी गयं म्हनीसन. डॉक्टरबाई हसनी. म्हने, जे पोचाडानं ते गर्भाशयमां पोचाडं, हाई बाकीचं शे. तरी चोपडा यस्तोवर एस्टीमां पाय वर लिसन बसनी. कंडक्टर म्हने ताई, पाय खाले.

डुबुकवडे
कंडक्टर!! 😂 हाफ तिकिटात पाय वर

अमळनेर_लोकल
तापीकाठ, तू अहिराणीत लिही गं कायम, बरं वाटतं वाचायला. चोपड्यात कुठे? माझं माहेर अडावद.

तापीकाठ
अडावद! मनी मावशी तठेच शे. केळीना बागवाला.

वरणगावकर_वहिनी
मी एकच सांगते. घरी लवकर टेस्ट करू नका. आययूआयनंतर आठव्या दिवशी मी चोरून केली, दोन रेघा. बाथरूममधूनच आईला फोन. आईने शेजारी पेढे दिले. दहाव्या दिवशी रेघ फिकी, बाराव्या दिवशी एकच. फुटायच्या इंजेक्शनमध्ये जे एचसीजी, गरोदरपणातलं हार्मोन, असतं तेच टेस्टमध्ये दिसतं, ते शरीरातून जायला दहा-बारा दिवस लागतात. बाळ नव्हतंच ते, इंजेक्शन होतं. आईने शेजारी परत काय सांगितलं मी कधीच विचारलं नाही. चौदा-सोळा दिवसांनी रक्ताची बीटा, म्हणजे रक्तातल्या एचसीजीची तपासणी, करा, तीच खरी. आणि छाती दुखणं, झोप येणं, मळमळ यावरही जाऊ नका, आययूआयनंतर देतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीसुद्धा डिट्टो तसंच होतं.

दादरची_भाकर
वहिनी... पेढ्यांचं वाचून पोटात तुटलं.

केळीची_वेफर
विषयांतर, पण बामणोदची भरिताची वांगी कधी येतात बाजारात? इकडे पुण्यात जी मिळतात ती नुसतं पाणी.

डुबुकवडे
थंडी पडली की. आणि नुसती वांगी नेऊन काय, काड्यांवर कुठे भाजणार पुण्यात, गॅसवर?

केळीची_वेफर
गॅलरीत. सोसायटीची नोटीस आलेली आहे एकदा.

माघारी_आलेली
चार वेळा आययूआय केलं. चारही वेळा नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एका वेळी शंभरातल्या दहा-पंधरा जणींना राहतं, तीन-चार वेळा करून बघू, मग पुढचं. माझं वय 37. पण आपण स्वतःला नेहमी त्या पंधरात धरतो.
पुढचं म्हणजे आयव्हीएफ, टेस्ट ट्यूब बेबी. आम्ही नाही केलं. पैसे होते, म्हणजे शेत विकलं असतं तर झाले असते. यांनी विचारलं, तुला अजून रोज सोनोग्राफीला जायचंय का? मी नाही म्हटलं. इतकंच. आखाजीला माहेरी गेले की झोक्यावर सगळ्या मैत्रिणींच्या पोरी असतात, त्या दिवशी त्रास होतो. बाकी दिवस बरे जातात. शिवणाचा क्लास चालवते, सोळा मुली येतात.
सगळे "मग राहिलं" वर संपवतात म्हणून लिहिलं. राग मानू नका कोणी.

नुसतीच_वाचक
राग कसला. घट्ट मिठी.

पाचोऱ्याचा_मी
ताई, नमस्कार तुम्हाला.

तापीकाठ
🙏

नवीन_खातं_7
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझं चालू आहे आता. पहिलंच. अंडं 19 चं आहे, गर्भाशयाचं अस्तर साडेआठ मिलिमीटर. उद्या रात्री दहाला इंजेक्शन आहे आणि तेरवा सकाळी जळगाव, म्हणजे दीड दिवसाने बरोबर ना? आमच्या गावात रात्री इंजेक्शन द्यायला कोणी नाही. हे नाइट शिफ्टला. स्वतःला टोचता येतं का हो?

दादरची_भाकर
काही काही पोटावर टोचायची असतात, ती घरी देता येतात, पण तुझं कमरेचं आहे का पोटावरचं ते आधी क्लिनिकला फोन करून विचार. अंदाजाने नको. आणि वेळ चुकवायची नाही. तेरवाची वेळ तेच ठरवतील. गाव कोणतं?

नवीन_खातं_7
पारोळ्याजवळ.

अमळनेर_लोकल
अगं मग माझ्याकडे ये ना! माझी वहिनी नर्स आहे, गल्लीतच राहते. नऊपर्यंत ये, जेवायलाच ये. इंजेक्शन बर्फाच्या थर्मासात पिशवीत गुंडाळून आण, थेट बर्फाला लागू देऊ नको, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पण आण, चिठ्ठीशिवाय ती हात लावत नाही. पत्ता मेसेज करते.

नवीन_खातं_7
घरी काय सांगू

केळीची_वेफर
दाढ