ऑफिसचा कॉम्प्युटर आणि रात्री दहाचा मेन स्विच

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर परवा फॉरमॅट करून आणला, तेव्हापासून नुसतं अपडेट अपडेट चालू आहे. काल रात्री ३० टक्क्यांवर सोडून घरी आलो, सकाळी बघतो तर म्हणे केलेले बदल मागे घेतोय. बिलं ५ तारखेला निघणं कठीण आहे, सांभाळून घ्या.

बी-२०२: आम्हाला उशीर झाला की व्याज. सोसायटीला उशीर झाला की सांभाळून घ्या 😊

चेअरमन: नवीन कॉम्प्युटरचा विषय एजीएमला घेऊ.

पिंट्या (बी-३०४): थांबा हो, नवीन कशाला? काका, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे सगळ्यात खाली अबाउट. व्हर्जन काय लिहिलंय?

सेक्रेटरी काका: विंडोज ११. पुढे २१एच२.

पिंट्या: अहो, ही तर ११ ची पहिली आवृत्ती, ऑक्टोबर २०२१ ची! त्या माणसाने जुन्या पेनड्राइव्हवरून उरकलंय. होम आणि प्रो वाल्यांसाठी तिचे सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाले. म्हणून आता सगळं नेटवरून ओढत बसलंय.

सेक्रेटरी काका: आणि नेट माझ्या मोबाइलचं. रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो.

सी-५०१ आजोबा: हे काहीच नाही. विंडोज ७ घातल्यावर आम्ही ऑफिसात दोन-दोन दिवस रीस्टार्टच करत असू. २०१६ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तोवरच्या जवळजवळ सगळ्या अपडेटची एक मोठी मोट बांधून दिली, तिचा नंबर केबी ३१२५५७४. तीही सरळ बसत नसे, आधी केबी ३०२०३६९ हा अपडेट घालावा लागे. नंबर अजून पाठ आहेत. सूनबाईंचा मोबाइल नंबर मात्र पाठ नाही.

ए-१०२ काकू: 😂😂

सेक्रेटरी काका: मग आता २०२१ पासूनचे सगळे एकेक करून घालायचे का रे?

पिंट्या: नाही काका. आपल्या बिलात ‘मागील बाकी’ असते ना, तसं आहे हे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मोठा अपडेट येतो, त्यात त्या आवृत्तीचं मागचं सगळं धरलेलं असतं. शेवटचा एक घातला की बाकी शून्य. आणि आवृत्तीसुद्धा पायरी-पायरीने चढवायची नाही, एकदम ताज्यावर उडी.

सी-५०१ आजोबा: बरोबर. मग परत फॉरमॅट?

पिंट्या: अजिबात नको, टॅली परत कोण बसवणार! मी घरच्या वायफायवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतो आणि ताजं विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवतो. निदान ८ जीबीचा लागतो आणि आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा कोणी लग्नाचे फोटो असलेला देऊ नका. तो चालू विंडोजमध्येच उघडायचा, सेटअप चालवायचा, फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा म्हणायचं. मग नेटवरून एखाद-दुसराच अपडेट उरतो.

चेअरमन: लायसन्सचे पैसे परत भरावे लागणार का?

पिंट्या: नाही, ओरिजिनल असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आपोआप ओळखतं.

डी-४०१: डी विंगला पाणी नाही. मोटर कोणी बंद केली??

सेक्रेटरी काका: बघतो. पिंट्या, केबिनमधल्या कॉम्प्युटरचंही करशील ना? आणि प्रिंटर दिसत नाहीये.

पिंट्या: हो, पेनड्राइव्ह तोच चालेल. उरलेलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधून एकाच वायफायवरची मशीन एकमेकांकडून घेऊ शकतात, ते चालू करून ठेवतो. प्रिंटर शेवटी. आधी विंडोज शांत होऊ दे, मग ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, आहे का बघू, नाहीतर कंपनीच्या साइटवर.

पिंट्या: पण काका, ३० टक्क्यांवरून मागे का गेलं? मध्येच बंद केलंत का?

सेक्रेटरी काका: हातही लावला नाही. कुलूप लावून आलो.

ए-१०२ काकू: अहो, रात्री दहाला वॉचमन ऑफिसचा मेन स्विच पाडतो! लाइटबिल वाचवायला तुम्हीच सांगितलंय त्याला.

चेअरमन: 🤦

सेक्रेटरी काका: हे डोक्यातच आलं नाही. आज त्याला सांगतो.

पिंट्या: सांगू नका, स्विचवर कागद चिकटवा. रात्रपाळीला दुसरा असतो.

(रात्री ११:५२)

पिंट्या: झालं. २५एच२ दाखवतंय. तीन रीस्टार्ट झाले, आता चेक केलं तर काही शिल्लक नाही. टॅली उघडलं, प्रिंटरही आला. फक्त जुन्या नोटिशींतलं मराठी चित्रविचित्र दिसतंय, तो जुना फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेला. कोणाकडे असेल तर पाठवा.

(सकाळी १०:१५)

सेक्रेटरी काका: सर्वांची बिलं ईमेलवर पाठवली आहेत. पिंट्या, संध्याकाळी चहाला ये.

बी-२०२: वॉटर चार्जेस कशाला वाढवले?